न ऐकलेल्या साडेपाच गाण्यांबाबत खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य, आपले श्रवणमंडळ, सोलापूर;
तसेच मंडळाचे तरुण सभासद, दोन्ही तटांचे.

विषय: मागील बैठकीत मध्येच थांबवलेले सादरीकरण आणि त्यानंतर लावलेली सूचना.

स. न. वि. वि.

मंडळाची नोंदवही गेली १७ वर्षे माझ्याकडे आहे. कोणत्या रविवारी कोणी काय ऐकवले, किती जण आले, नंतर काय बोलणे झाले, हे मी शाईच्या पेनाने लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात मला निरोप आला की मागील बैठकीची नोंद खोडावी आणि त्या जागी ‘सादरीकरण झाले नाही’ एवढेच लिहावे. सादरीकरण झाले होते. ते थांबवण्यात आले. ही दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत असे मला मानता येत नाही, म्हणून पत्रास कारण.

पत्र खुले का, तेही सांगतो. घरातली भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत हे मलाही लहानपणी शिकवलेले आहे. परंतु कार्यकारिणीने आपली सूचना जिन्याच्या दारावर चिकटवली आहे, खालच्या कापड दुकानात येणारी गिऱ्हाइकेही ती वाचतात, आणि पार्क चौकातल्या चहाच्या गाडीवर आपलेच तरुण सभासद दोन तट करून याच विषयावर मोठमोठ्याने बोलत असतात. गोष्ट चव्हाट्यावर गेलेलीच आहे, फक्त अर्धीमुर्धी गेली आहे. उरलेली मी लिहितो.

त्या रविवारी आपल्या सर्वांत लहान सभासदांपैकी एकीची पाळी होती. ती पुण्याला नोकरी करते. शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने ती सोलापुरात उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत आठ-आठ पानांच्या वीस प्रती होत्या. प्रत्येक गाण्याचे इंग्रजी शब्द, त्याखाली तिने स्वतः केलेला मराठी भावार्थ आणि समासात कुठे काय ऐकावे याच्या बारीक खुणा, असे ते टिपण होते. अल्बम होता अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना या शहरातल्या ‘सर्कल टेक्स द स्क्वेअर’ या गटाचा, २००४ साली निघालेला ‘अ‍ॅज द रूट्स अनडू’. त्यात आठ गाणी आहेत. स्क्रीमो नावाच्या, किंचाळून गायल्या जाणाऱ्या पंक संगीतप्रकारावर जीव टाकणाऱ्या लोकांत या अल्बमवरून आजही एकमत नाही, आणि आपल्याला गाण्यांइतकाच तो वादही ऐकवायचा आहे, असे तिने सुरुवातीलाच सांगितले होते.

पहिले गाणे हळूहळू चढत जाते. हलकी गिटार, कुजबुज, एकमेकांत मिसळत जाणारे म्हटलेले शब्द, असे ते आहे. तोपर्यंत सगळे ठाकठीक होते. दुसऱ्या गाण्यात पुरुषाचा आणि स्त्रीचा आवाज एकमेकांना छेदत किंचाळू लागले, ड्रमचा वेग मोजता येईनासा झाला, मग एकाएकी सगळे थांबून गिटारचे दोन-चारच सूर उरले आणि आपण सावरतो आहोत तोच पुन्हा तोच लोंढा आला. खुर्च्या कुरकुरू लागल्या. एका ज्येष्ठांनी हातातल्या टिपणातले सहाव्या गाण्याचे नाव मोठ्याने वाचले, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह पोर्ट्रेट ऑफ कर्मा’, आणि ‘कर्म आमचे’ असा शेरा मारला. सगळे हसले. मीही हसलो, शेरा चांगला होता. तिसरे गाणे निम्म्यावर असताना कार्यकारिणीतले एक जण उठले आणि त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. कोणाला विचारले नाही, ‘जरा थांबू या का’ असेही म्हटले नाही. ज्या मुलीने हे सगळे जमवून आणले होते, तिच्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. तिने वीसपैकी अठरा प्रती गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि ती जिना उतरून गेली. दोन प्रती माझ्याकडे राहिल्या आहेत.

तीन दिवसांनी दारावर सूचना लागली. ज्या ध्वनिमुद्रणात सूर, ताल आणि शब्द स्पष्टपणे ओळखता येत नाहीत, ते यापुढे बैठकीत सादर करता येणार नाही. आणि प्रत्येक सादरीकरणाआधी तिघांच्या उपसमितीची मंजुरी घ्यावी लागेल, असा तिचा आशय आहे.

माझा या अल्बमशी काय संबंध, असे कोणी विचारील. वयाची साठी जवळ आलेला, जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिलेला मी माणूस आहे. माझ्या कपाटात ख्याल आहे, ठुमरी आहे, थोडे जॅझ आहे. स्क्रीमो हा शब्द मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकला. परंतु सूचना लागण्याच्या आदल्या दिवशी खाली दुकानापाशी बोलणे चालले असताना आपल्यापैकी एक जण म्हणाले की हे ऐकण्यापेक्षा यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन बसावे, तिथे निदान चादर तरी निघते. ते वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटले नव्हते, तरी ते मला लागले, कारण मी त्या शेडमध्ये बसलेलो आहे.

माझे वडील आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा कारागीर, म्हणून लागले. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. आत पाऊल टाकले की कानठळ्या बसायच्या. चोवीस माग एकदम चालत असत आणि माणसे खुणांनी बोलत. वडील मात्र दारातच उभे राहायचे, मान किंचित कलती करायचे आणि बोटाने दाखवायचे: सातव्याचा धोटा अडखळतो आहे, अकराव्यावर ताण्याचा धागा तुटला आहे. मी जाऊन पाहायचो, तर तसेच असे. मला जो एकसंध गोंगाट वाटायचा, तो त्यांना चोवीस वेगवेगळे आवाज वाटायचा. हे काही त्यांचे दैवी देणे नव्हते. ते तिथे रोज, पाळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे असत, एवढेच.

ही उपमा मी फार ताणणार नाही. मागाचा आवाज एकच ठोका पुन्हा पुन्हा देतो आणि तो चुकला तर बिघाड झाला असे समजायचे. या अल्बममध्ये ठोका मुद्दाम चुकवलेला आहे, बदललेला आहे, मध्येच टाकून दिलेला आहे. दोन्ही गोष्टी एक नाहीत. परंतु ‘गोंगाट’ हा शब्द ऐकणाऱ्याची अवस्था सांगतो, आवाजाची नव्हे, हे मला त्या शेडमध्ये कळले, आणि आपल्या मंडळात सर्वांत जास्त ऐकलेल्या माणसांनी तो शब्द इतक्या झटकन वापरावा याचे मला वाईट वाटले.

आता तक्रारी. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी तक्रार ही की सादरीकरण न विचारता थांबवण्यात आले. आपल्या मंडळाला छापील घटना नाही, पण रीत आहे, आणि ती माझ्या वहीत पानोपानी सापडते. काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका ज्येष्ठांनी अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे ‘असेन्शन’ ऐकवले होते. अकरा वादक, जवळपास चाळीस मिनिटे एकच सलग रचना आणि बराच वेळ सगळे एकदम वाजवत असलेले. १९६६ साली ती निघाली तेव्हा जॅझच्या रसिकांतही तिच्यावरून फाटाफूट झाली होती. आपल्याकडे वेगळे काय होणार? वहीत नोंद आहे की दोघे सभासद उठून खाली चहाला गेले, रचना संपल्यावर वर आले, आणि मग सर्वजण रात्री नऊपर्यंत भांडले. ‘कोल्ट्रेनने बुद्धी गहाण ठेवली’ असे एक मत आहे, ‘मी पुन्हा ऐकणार’ असे दुसरे. खालच्या दोन ओळींत मी लिहिले आहे की आजची बैठक या वर्षातली सर्वांत चांगली झाली. ज्यांना सहन होत नाही त्यांनी उठून जावे, ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी ऐकावे, आणि शेवटी सगळ्यांनी बोलावे, ही आपली रीत. त्या दिवशी कोणाचाही हात अ‍ॅम्प्लिफायरकडे गेला नव्हता. अडचण आवाजाची होती की सादर करणारीच्या वयाची, हा प्रश्न मी इथे फक्त विचारून ठेवतो.

दुसरी तक्रार सूचनेतल्या तीन शब्दांबद्दल आहे. शब्द स्पष्ट हवेत, तर तराणा आजपासून बाद झाला. विलंबित ख्यालात बंदिशीचे शब्द पहिल्या दोन आवर्तनांनंतर किती जणांना कळतात, हे आपण प्रामाणिकपणे सांगावे. शिवाय हे सोलापूर आहे. आपल्या बैठकीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा घरी बोलणारी माणसे शेजारी शेजारी बसतात, आणि एकाची बंदिश दुसऱ्याला अर्थासकट कळली पाहिजे अशी अट आजवर कोणी घातली नाही. त्या मुलीने तर शब्द आणि अर्थ दोन्ही छापून मांडीवर ठेवले होते. इतकी सोय आपल्याला कोणत्या मैफलीत मिळाली होती?

सुराचे म्हणाल, तर या अल्बममध्ये सुरेल जागा भरपूर आहेत. किंचाळण्याच्या मधून गिटारच्या लांब, संथ, एकावर एक रचलेल्या ओळी येतात. त्यांचे मूळ पोस्ट-रॉक नावाच्या दुसऱ्या संगीतात आहे, असे टिपणात लिहिले आहे. आणि तालाबद्दल मला वाटते की सूचना लिहिणाऱ्यांना ‘ताल ओळखता येत नाही’ असे म्हणायचे नसून ‘आम्हाला ओळखता आला नाही’ असे म्हणायचे असावे. मलाही पहिल्यांदा आला नाही. तिसऱ्यांदा ऐकताना दुसऱ्या गाण्यात ड्रम कुठे थांबणार हे मला आधी कळू लागले आणि मी घरी एकटाच मांडीवर थाप मारू लागलो. सौभाग्यवतींनी कान दुखतो आहे का, असे विचारले.

इथे एक खुलासा करतो. मी कुमार गंधर्वांचे नाव घेऊन किंवा संबळाच्या गोंधळाचा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीतल्या हलगीचा दाखला देऊन हा अल्बम पावन करून घेणार नाही. ‘कुमारांनाही लोकांनी नावे ठेवली होती’ हा युक्तिवाद आपल्याकडे कोणत्याही नव्या गोष्टीच्या बाजूने सर्रास केला जातो, आणि तो मला लंगडा वाटतो. ज्यांना नावे ठेवली गेली त्यांतले बहुतेक पुढे विसरलेही गेले. सव्हानाचे ते संगीतकार कुमारांच्या पंक्तीला बसतात असे माझे म्हणणे नाही. ते कोणत्या पंक्तीला बसतात हे ठरवायला आठही गाणी ऐकावी लागतील, एवढेच म्हणणे आहे.

तिसरी तक्रार उपसमितीची. तिघांनी आधी पूर्ण ऐकून मंजुरी द्यायची, तर मंडळाची बैठक त्या तिघांचीच झाली. न ऐकता नावावरून द्यायची, तर ती मंजुरी कसली? या बाबीवर याहून अधिक शब्द खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

शेजाऱ्यांना त्रास झाला, हे कारणही तोंडी सांगण्यात आले. ते मी बाजूला सारत नाही. शहरात डीजेच्या भिंतींविरुद्ध लोक आता उघडपणे बोलू लागले आहेत आणि मी त्यांच्यापैकी आहे. छातीत धडधड होईपर्यंत रस्त्यावर आवाज लादणे हे मला गुन्ह्यासारखे वाटते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती आपल्या माडीलाही लागू आहे. आवाज जास्त असेल तर बटण डावीकडे फिरवावे, खिडक्या लावाव्यात. पण ज्याने स्वतःहून जिना चढून खुर्ची धरली त्याच्या कानावर पडणारा आवाज आणि ज्याला घर सोडून जाता येत नाही त्याच्या कानावर पडणारा आवाज, यांत फरक आहे. शेजाऱ्यांपैकी कोणी तक्रार केली, ती तोंडी होती की लेखी, हे मला अद्याप सांगण्यात आलेले नाही.

आता तरुण सभासदांसाठी. तुम्हालाही हे पत्र आहे, आणि हा भाग लिहिताना माझी लेखणी अधिक जड झाली, कारण कार्यकारिणीने जे केले ते निदान त्रासून केले. तुमच्यापैकी काहींनी जे केले ते आनंदाने केले.

अ‍ॅम्प्लिफायर बंद झाला तेव्हा मागच्या रांगेतून दबक्या आवाजात ‘बरे झाले, ते स्क्रीमो नव्हतेच’ असे शब्द आले. नंतर चहाच्या गाडीवर मी त्या तटाचे म्हणणे मुद्दाम उभे राहून ऐकले. खरा स्क्रीमो १९९०च्या दशकातला. सॅन डिएगोचा, छोट्या तबकड्यांवरचा, तळघरात आणि विद्यापीठाच्या आवारातल्या ‘चे कॅफे’सारख्या जागेत वाजवलेला, ओबडधोबड, घाईचा. आणि २००४चा हा अल्बम म्हणजे त्यात ग्राइंडकोर (अतिवेगवान, कर्कश संगीत), मेटल, पोस्ट-रॉक, लोकसंगीत असे हाताला लागेल ते कोंबून केलेली भेळ, वर प्रतीकांनी लदलेले शब्द. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की हा प्रकार जिथे पोहोचायचा होता तिथे तो याच अल्बममध्ये पोहोचला, त्याआधीचे सगळे म्हणजे कच्चा खर्डा, आणि ज्यांना हे कळत नाही त्यांनी जुन्या तबकड्या पुसत बसावे. ही दोन्ही मते मला मनापासून आवडली. भांडावे तर असे. परंतु पहिल्या तटाने एक बंदी आपल्या सोयीची म्हणून तिचे स्वागत केले, आणि दुसऱ्या तटाने ‘म्हाताऱ्यांना काय कळणार’ असे म्हणून वेगळी चूल मांडण्याची भाषा सुरू केली. ज्या खोलीत हा वाद झाला असता तीच खोली दोघांनी मिळून सोडली.

तुमच्याच पुस्तकातला इतिहास मी गेल्या पंधरवड्यात जमेल तसा वाचला. तो शुद्धतेच्या बाजूने साक्ष देत नाही. १९८५च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’सारख्या गटांनी हार्डकोर पंक या वेगवान रॉकच्या संतापात स्वतःचे दुःख ओतले, त्याला लोकांनी इमो हे नाव दिले, आणि ज्यांना ते दिले त्यांनाच ते पटले नव्हते. म्हणजे मुळातच ती भेसळ होती. पुढे १९९१ साली सॅन डिएगोत ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी निघाली, ‘हेरॉइन’ (नाव मी ठेवलेले नाही) आणि ‘अँटिऑक अ‍ॅरो’ यांच्यासारखे गट आले आणि तुम्ही ज्याला मूळ म्हणता तो आवाज घडला. पण त्याच अँटिऑक अ‍ॅरोने आपल्या १९९५च्या अखेरच्या अल्बममध्ये तो आवाज टाकून दिला आणि काळोख्या, नाटकी गॉथ संगीताकडे मोर्चा वळवला. मूळपुरुषांनाच मुळाची चाड नव्हती असे म्हणायचे का? १९९०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कचा ‘सेशिया’, मॅसॅच्युसेट्सचा ‘ऑर्किड’. २००१ साली आपल्या ‘डॉक्युमेंट’ मालिकेतली आठवी तबकडी काढणारा व्हर्जिनियाचा ‘पेज नाइन्टी-नाइन’ हा मोठा कंपू. २००२ साली पोस्ट-रॉकची लांबण स्क्रीमोत आणणारा ‘सिटी ऑफ कॅटरपिलर’. तिकडे जपानात ‘एन्व्ही’, इटलीत ‘ला क्विएते’. यांतल्या प्रत्येकाने शेजारच्या घरातून काहीतरी उचललेले आहे. २००४चा अल्बम या रांगेत शेवटी उभा राहिला तर त्याच्या हातात जास्त सामान असणारच.

त्याच वर्षांत मोठ्या कंपन्यांनी गोड ध्रुवपद आणि मध्ये एखादी किंकाळी अशी गाणी स्क्रीमो या नावाने बाजारात आणली, आणि त्यामुळे जुन्या चाहत्यांनी आपल्या संगीतासाठी ‘स्क्रॅम्झ’ असा अर्धवट थट्टेचा वेगळा शब्द काढला, हेही मी वाचले. नावासाठी तुम्ही इतके हळवे का आहात ते त्यावरून कळले. ज्याची वस्तू दुसऱ्याने लेबल लावून विकली, तो लेबलाविषयी जागरूक राहतोच. चादर दुसरीकडे विणून सोलापूरच्या नावावर विकली जाते तेव्हा आपण काय करतो? तरीही नावाची राखण करताना वस्तू उलगडून पाहायची नाही, हे मात्र मला समजत नाही.

आणि दुसऱ्या तटास: हा अल्बम निर्दोष आहे हे मला मान्य नाही. मी तो पाच वेळा, हेडफोन लावून, तिचे टिपण समोर धरून ऐकला आहे. वडील कापड तपासताना ते उलटे करून अंगठा फिरवीत. जोड नीट झाला नसेल तर गाठ अंगठ्याला लागते. मला पाचव्या गाण्याच्या आसपास गाठी लागतात. एक कल्पना रंगात येते न येते तोच दुसरी तिला ढकलून पुढे येते, आणि हे करणाऱ्यांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण कोणते आधी सांगावे हे त्यांनी ठरवलेले नव्हते, असे वाटते. काही ठिकाणी शब्द इतके प्रतीकांनी भरलेले आहेत की मराठी भावार्थ करताना त्या मुलीचीही दमछाक झालेली दिसते. दोन ओळींपुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. मला ते प्रश्नचिन्ह आवडले.

मात्र ‘भेळ’ हा आरोप मला पूर्ण पटत नाही. जे दोन आवाज किंचाळतात, तेच कुजबुजतात, तेच बोलतात, तेच एकत्र म्हणतात. आणि एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत ते ज्या वाटेने जातात ती वाट दाखवायला संथ गिटार आणि वेडा वेग दोन्ही लागतात. यांतले एक काढून पाहावे म्हणून मी एकदा नुसते संथ भाग ऐकले. ते सुंदर आहेत आणि पुचाट आहेत. एकदा नुसते वेगवान भाग ऐकले; दहा मिनिटांत कान बधिर झाले. सलग ऐकल्यावर मात्र शेवटच्या लांबलचक गाण्यापर्यंत पोहोचताना छातीवर काहीतरी जमा झालेले असते, आणि ते गाणे त्याचा हिशेब करते. या गटाला पुढचा पूर्ण अल्बम काढायला २०१२ साल उजाडले, याचे मग मला आश्चर्य वाटले नाही. हे माझे मत झाले. ते चूक असू शकते; ते चूक आहे असे बैठकीत मला कोणीतरी सांगायला हवे होते, आणि माझी खरी तक्रार हीच आहे की ती संधी आपण मला दिली नाही.

यास्तव माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

जिन्याच्या दारावरची सूचना काढावी आणि उपसमितीचा प्रस्ताव मागे घ्यावा. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, कोणत्याही नव्या सादरीकरणाआधी, हाच अल्बम पहिल्या गाण्यापासून आठव्यापर्यंत न थांबता ऐकवावा. आवाज किती ठेवायचा ते कार्यकारिणीने आधी ठरवावे, खिडक्या लावाव्यात आणि ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल खाली चहाला जावे, त्यांना कोणी नावे ठेवणार नाही. ज्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला त्यांनी त्या मुलीला स्वतः फोन करून बैठकीचे निमंत्रण द्यावे. दिलगिरी मी मागत नाही. निमंत्रण पुरेसे आहे, पण ते त्यांच्याच आवाजात जायला हवे. शेजाऱ्यांची तक्रार असेल तर ती सर्वांसमोर ठेवावी आणि शेजाऱ्यांनाही बोलवावे.

तरुण सभासदांकडे एवढेच मागणे आहे की दोन्ही तटांतून प्रत्येकी एकाने त्या दिवशी गाणी संपल्यावर दहा मिनिटे बोलावे. ‘हे स्क्रीमो नाही’ असे ज्याला म्हणायचे आहे त्याने ते कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी नाही, हे बोट ठेवून दाखवावे. आणि ‘याच्यासारखे दुसरे काही नाही’ असे ज्याला म्हणायचे आहे त्याने आधीच्या एखाद्या तबकडीतले पाच मिनिटे वाजवून फरक ऐकवावा. वेगळी चूल मांडायची असेल तर ती त्यानंतरच्या सोमवारी मांडावी.

नोंदीबाबत: ती मी खोडलेली नाही आणि खोडणार नाही. त्या रविवारच्या पानावर सध्या ‘तिसऱ्या गाण्याच्या मध्यात थांबवले’ असे लिहिले आहे आणि खाली अर्धे पान कोरे ठेवले आहे. कार्यकारिणीला ती नोंद मान्य नसेल तर नोंदवही दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. मी ती कव्हर घालून, अनुक्रमणिकेसह परत करीन. मान्य असेल तर येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सहा वाजता मी वही, शाईचे पेन आणि टिपणाच्या उरलेल्या दोन प्रती घेऊन हजर राहीन. प्रती कमी पडतील, तेव्हा झेरॉक्सचा खर्च मंडळाच्या फंडातून करावा, ही शेवटची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नोंदवही लिहिणारा सभासद
सोलापूर